कुटाशिवायची कोशिंबीर

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार

प्रिय अक्का,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की इथे सगळे धडधाकट आहेत. नल्लकुंट्याहून दिलसुखनगर म्हणजे काही परदेश नव्हे, तरी तुझा भाऊ कागद-पेन घेऊन बसलाय. अलका मघाशी डोकावली आणि विचारून गेली, वीज खात्याला पुन्हा कामावर घ्या म्हणून अर्ज लिहिताय की काय. अक्काला लिहितोय म्हटल्यावर मात्र तिने न मागता चहा आणून ठेवला. चहात साखर माझ्या मनासारखी होती, डॉक्टरांच्या मनासारखी नव्हे. यावरून ओळख, या पत्राला तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता, अनेकदा केला. दर्शूच्या लग्नाचा विषय काढला की तू विचारतेस, तुमच्याकडे नळाला पाणी आलं का. पाण्याचं सांगून होतं न होतं तोच तुझ्या दारावर कुणीतरी येतं आणि तू फोन ठेवतेस. अख्ख्या दिलसुखनगरात तुझ्याच दारावर एवढी वर्दळ कशी, हे एकदा तुझ्या लेकाला, युवराजला, विचारायचंय मला. पत्राचं बरं असतं, मध्येच खाली ठेवलं तरी ते कुठे जात नाही. शिवाय जामबागच्या शाळेत आपण दोघं मराठी शिकलो ते काय नुसत्या किराणाच्या चिठ्ठ्या लिहायला? आमच्या दर्शूला, म्हणजे प्रियदर्शिनीबाईंना, हे पत्र वाचायला दिलं तर जोडाक्षरागणिक मला हाक मारतील. तेव्हा हे तुझ्या-माझ्यातच राहील, निर्धास्त वाच.

आता मुद्द्याचं. लग्न पुढच्या महिन्यावर आलंय आणि दर्शूच्या केळवणांची बोलावणी यायला लागली आहेत. मियापूरहून अलकाच्या भावाचं आलं, विद्यानगरच्या काकूंचं आलं. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारीणबाईंनी तर ‘केळवणम्’ असं त्याचं बारसं करून एक संध्याकाळ राखूनही ठेवली आहे. फक्त तिच्या सख्ख्या आत्याचं बोलावणं नाही. साखरपुड्याला तू आलीस, दर्शूच्या अंगावर साडी घातलीस, रितेशच्या आईशी हसून बोललीस आणि पानं मांडायला घेतल्याबरोबर ‘माझा उपास आहे’ म्हणून निघालीस. अक्का, तुला मी जन्मापासून ओळखतो. उपासाच्या दिवशी तू सकाळपासून सगळ्या घराला सांगत असतेस. दर्शूने त्या दिवशी जिन्यापर्यंत येऊन तुझ्या पाठीकडे बघितलं. तिला कारण ठाऊक आहे, मला आहे, अलकाला आहे. तोंडाने मात्र कुणी काढलं नाही, आणि आता तिच्या लग्नातही ते तसंच मध्ये बसून राहणार असेल तर मला ते चालणार नाही.

तेव्हा मीच काढतो. दर्शू सातवीत होती. तुमच्या दिलसुखनगरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिला शेंगदाणा चालत नाही हे कळून वर्ष झालं होतं आणि सबंध खानदानात ते सर्वांत मनावर घेतलं होतं तू. आदल्या दिवशी फोन करून अलकाला तू सगळा बेत सांगितलास. वांग्याच्या भाजीत दाणे नाहीत, मसालेभातात काजू नाहीत, चटणी केलीच नाही. आमच्या डोळ्यांदेखत तू दर्शूचं पान स्वतः वाढलंस. अलकाने शेवटी एकदा विचारलं, वन्सं, दाणे नाहीत ना कशात? तू म्हणालीस, एकही दाणा नाही, माझ्यावर सोड. आणि ते खरंच होतं. दाणा नव्हता. काकडीच्या कोशिंबिरीत कूट होतं. चिमूटभर मीठ घालावं तसं तुझ्या हाताने मूठभर कूट घातलं होतं, आणि तुझ्या लक्षातही नव्हतं. आईच्या हाताखाली शिकलेल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. आपल्या घरात दाणे हा जिन्नस होता आणि कूट हे हाताला लागलेलं वळण होतं.

पुढचं तुला सांगायला नको. तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, दाजींनी गाडी काढली आणि दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. दुसऱ्या दिवशी ती पलंगावर बसून चित्रकथा वाचत होती. तू मात्र तिच्या पलंगाशी आलीच नाहीस, बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसून राहिलीस. त्यानंतर तू आमच्याकडे येत राहिलीस, कपडे आणलेस, पुस्तकं आणलीस, आजारपणं काढलीस, पण दर्शूसाठी कधी काही शिजवलं नाहीस. आम्ही आलो की चहा मिळायचा, तोही दुकानातून आणलेल्या पाकीटबंद बिस्किटांसोबत, आणि ते पाकीट तू आधी अलकाच्या हातात द्यायचीस. जी बाई ‘अजून एक, माझ्यासाठी’ म्हणत पाहुण्याला उठू देत नसे, ती माझ्या पोरीला पाण्याशिवाय काही विचारीना. मला त्याचं किती वाईट वाटायचं हे मी आज प्रथम लिहितोय. तुझ्यावर राग नव्हता गं कधी. एक दिवससुद्धा नव्हता.

इकडे आमचंही घर डबेवाल्यांचं झालं. हे शहरच असं की शेंगदाण्याला चुकवून तुम्ही जाल कुठे? सकाळी टिफिन सेंटरवर इडलीच्या डोक्यावर पल्लीची चटणी ओततात. बिर्याणीसोबत सालन येतं, त्यात फल्ली, म्हणजे पुन्हा तेच दाणे. बगारा बैंगन म्हणजे तर फल्लीच, वांगं नावाला. आणि घरी यावं तर आपण मराठी. दर्शू लग्नाकार्यात डबा घेऊन गेली, कॉलेजच्या सहलीला डबा घेऊन गेली, नोकरी लागल्यावर ऑफिसच्या पार्टीत पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन ‘माझं जेवण झालंय’ म्हणत बसली. तक्रार कधी केली नाही. रितेश तिला पहिल्यांदा हॉटेलात घेऊन गेला तेव्हा हिने पर्समधून डबा काढला आणि वेटर धावत आला की बाहेरचं खाणं चालत नाही. दोघं बाहेर येऊन पायरीवर बसून घरच्या पोळीभाजीवर जेवली. जावई मला तिथेच पसंत पडला. पण लग्न ठरल्यावर दर्शू एकदा अलकाजवळ रडली. म्हणाली, आई, मला नवऱ्याच्या घरी डबा घेऊन जायचं नाहीये. सासूबाई प्रेमाने वाढतील आणि मी ताट सरकवेन, तर त्या काय समजतील?

तिच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी मग बरकतपुऱ्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं, सौजन्या त्यांचं नाव. मी फुरंगटूनच गेलो होतो. मला वाटलं, डायटिशियन म्हणजे ओट्स, काकडी आणि माझ्या पोटाकडे एक कटाक्ष. कटाक्ष टाकला त्यांनी, नाही असं नाही. पण दर्शूला त्यांनी काय टाळतेस ते विचारलंच नाही. म्हणाल्या, तुला बाहेर जाऊन काय खायचंय? अक्का, इतक्या डॉक्टरांकडे गेलो, हा प्रश्न कुणी केला नव्हता. आमची दर्शू, जी मीटिंगमध्ये दहा माणसांना गप्प करते म्हणे, ती पर्सच्या बंदाशी खेळत राहिली. मग हळूच म्हणाली, काहीही चालेल, फक्त गरम पाहिजे. डब्यातलं नेहमी गार असतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सौजन्याबाई पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलल्या की ॲलर्जी घालवणं त्यांच्या हातात नाही, तिला जेवणाच्या टेबलाशी बसवणं आहे. मग शिकवणी सुरू झाली. कुठलं हॉटेल निवडायचं, तर ज्याचा मेनू आटोपशीर आहे आणि जिथे समोर ऑर्डर गेल्यावर शिजतं. फोन कधी करायचा, तर दुपारची गर्दी ओसरल्यावर, आचारी निवांत असताना. बोलायचं कुणाशी, तर ऑर्डर घेणाऱ्याशी नव्हे, चुलीशी उभा असतो त्याच्याशी. कढई धुतलेली, तवा पुसलेला, डाव वेगळा, आणि तेल कुठलं तेही विचारायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शनचं पेन पर्समध्ये असल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, आणि ते कसं टोचायचं हे सोबतच्या माणसाला आलंच पाहिजे. मीही शिकलो, संत्र्यावर. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न. ‘ह्यात शेंगदाणे आहेत का’ असं विचारायचंच नाही. असं विचारलं की समोरचा नाही म्हणतो, त्याला नाही म्हणणं सोपं असतं. विचारायचं, ह्यात काय काय घातलंय? आणि मग तो पहिल्यापासून सांगेपर्यंत ऐकत राहायचं. तेलुगूत ‘इंदुलो एमेमि वेसारु’, दखनीत ‘इसमें क्या क्या डाले’. एक छोटं कार्डही करून दिलंय बाईंनी, तेलुगू, उर्दू आणि हिंदीत, आचाऱ्याच्या हातात द्यायला.

आमच्या दर्शूला प्रश्न विचारायचीच लाज. लोक काय म्हणतील, नखरे म्हणतील. म्हणून घरी सराव. मी हॉटेलचा कॅप्टन, खांद्यावर नॅपकिन टाकून, आणि अलका मुदपाकखान्यातली उस्ताद. मी मुद्दाम उद्धटपणा करायचो, ‘मॅडम, कुछ नै होता, थोडा खाके देखो’ म्हणायचो. दर्शूने ठामपणे नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी ती सॉरी सॉरी म्हणत राहिली. काही दिवसांनी तिने मला असं झाडलं की मी खरोखरच नॅपकिन काढून ठेवला. अलकाला त्याचं फार समाधान झालं. नोकरीभर मी लोकांना झाडलं त्याची परतफेड झाली म्हणे.

मग पहिली परीक्षा. सौजन्याबाई स्वतः सोबत आल्या, रितेशही होता. हॉटेलचं नाव लिहीत नाही, बिचाऱ्यांचा काही दोष नाही. दर्शूने दुपारी फोन केला होता, तरी तिथे जाऊन कार्ड दिलं आणि पनीर-मसाला मागवायच्या आधी आचाऱ्याला भेटायचं म्हणाली. चांगला माणूस होता, हात पुसत बाहेर आला. मी सवयीने मध्ये तोंड घातलं आणि विचारलं, फल्ली तो नै ना? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, बिल्कुल नै साब, बेफिकर खाओ. मी खुर्ची ओढून बसायलाच लागलो होतो. दर्शूने मला गप्प बसवलं आणि आपला प्रश्न विचारला, इसमें क्या क्या डाले. तो सांगायला लागला. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, मसाला. दर्शूने विचारलं, मसाले में क्या? तीळ, खोबरं आणि... तो थांबला. मग म्हणाला, फल्ली तो पीसी हुई है मॅडम, वो तो मसाले में रहतीच ना. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. खोटं बोलला नव्हता तो. त्याच्या हिशेबी ती फल्ली नव्हतीच, मसाला होता.

अक्का, मला तिथे तू दिसलीस. वास्तुशांतीच्या दिवशीची, नऊवारी खोचून उभी असलेली, ‘एकही दाणा नाही, माझ्यावर सोड’ म्हणणारी. तोच आवाज, तोच छातीवरचा हात. हॉटेलातला उस्ताद आणि माझी बहीण, दोघांच्या हातून एकच गोष्ट झाली होती. आम्ही त्या माणसाचे आभार मानून उठलो. तशाच उपाशी पोटी बाहेर आल्यावर सौजन्याबाई मला म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, हे प्रत्येक स्वयंपाकघरात होतं, जे माणूस रोज घालतो ते त्याला दिसायचं बंद होतं. म्हणूनच आम्ही जेवणाऱ्याला विचारायला शिकवतो. स्वयंपाक करणाऱ्याने सगळं लक्षात ठेवावं ही अपेक्षाच चूक आहे. हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. एवढ्या वर्षांत कुणी तुला हे सांगायला हवं होतं. आता मी सांगतोय, मन लावून वाच. तुझं प्रेम कमी पडलं नव्हतं. आम्हा सगळ्यांचा प्रश्न चुकीचा होता.

दुसरी जागा विद्यानगरच्या बाजूला, चार टेबलांची. फुलका, साधी डाळ, भेंडी, भात, एवढाच मेनू. तिथल्या बाई मालकीणही आणि स्वयंपाकीणही. दर्शूने विचारलं, त्यांनी मोहरीपासून मिठापर्यंत सगळं सांगितलं, सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी आणून दाखवली, तवा धुऊन घेतला आणि पोडीची, म्हणजे दाण्यांच्या कोरड्या चटणीची, बरणी आपणहून दुसरीकडे नेऊन ठेवली. मग फुलका आला, फुगलेला, वाफ निघत असलेला. दर्शूचं बोट भाजलं. ती बोट तोंडात घालून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि रितेश घाबरून पेन शोधायला लागला. तिने हाताने खूण केली, अहो, काही नाही, गरम आहे. तशी डाळ घरी झाली असती तर मी नावं ठेवली असती. तिथे मी तीन वाट्या प्यायलो. त्यानंतर दोघं दर शनिवारी जातात, अशा तीन-चार जागा झाल्या आहेत आता त्यांच्या. कुठे उत्तर गोलमाल वाटलं तर दर्शू धन्यवाद म्हणून उठते, आणि उठताना तिची मान खाली नसते. रितेशच्या आईकडे जाऊन तिने स्वतः सगळं समजावलं. त्या पुण्याच्या, त्यांचंही कुटाशिवाय पान हलत नाही, पण त्यांनी वेगळं मिक्सरचं भांडं आणि वेगळी पोळपाट-लाटणी घेऊन ठेवली आहेत. पोरीचं लग्न मला पहिल्यांदा लग्नासारखं वाटायला लागलं.

आणि आता गेल्या बुधवारची गोष्ट. लग्नाच्या खरेदीला मी आणि दर्शू कोटीला गेलो होतो, तिथे तुझी सूनबाई भेटली. रस्त्याच्या कडेला उभी राहून भाजलेल्या शेंगा खात होती, अगदी मन लावून. दर्शूला बघताच राणीने पुडी मागे लपवली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन टाकून आली, नळावर हात धुतले, मग जवळ आली. मी चिडवलं, काय गं, घरी खायला घालत नाहीत का? तर म्हणाली, मामा, खरंच घालत नाहीत. आमच्या घरात शेंगदाणा येतच नाही. लग्न होऊन आले तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीत दाणे नाहीत बघून मला वाटलं, सासूबाई विसरल्या. मी बाजारातून पावकिलो आणले तर त्यांनी पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली आणि कामवाल्या बाईला देऊन टाकली. तेल सूर्यफुलाचं, चिक्की तिळाची, चटणी खोबऱ्याची. दाण्यांची आठवण आली की मी इकडे बाजारात येऊन उभ्या उभ्या खाते आणि हात धुऊन घरी जाते. मी विचारलं, कधीपासून हे? ती म्हणाली, यांना विचारलं तर म्हणतात, वास्तुशांत झाल्यापासून.

राणी बस पकडून गेली. दर्शू साडीच्या दुकानात शिरायची सोडून तिथेच उभी राहिली. मग मला म्हणाली, बाबा, मी एवढ्या हॉटेलांना फोन करत बसले, आणि या शहरात एक स्वयंपाकघर इतकी वर्षं माझ्यासाठीच राखलेलं होतं. कोटीच्या गर्दीत डोळे पुसायला मी चष्म्याचा बहाणा केला. अक्का, आम्हाला कुणाला न सांगता तू हे करत राहिलीस. जिला जेवायला बोलवायचं धाडस होत नव्हतं, तिच्यासाठी ते घर तयार ठेवलंस. तुला काय म्हणावं तेच मला कळत नाही. वेडी म्हणालो तर चालेल ना? धाकटा असलो तरी आज म्हणून घेतो.

तर हे पत्र यासाठी. बुधवारपासून पोरीने धोशा लावलाय की पहिलं केळवण आत्याकडे, आणि आत्याकडचं झाल्याशिवाय ती दुसरीकडे पानावर बसणार नाही. मियापूर आणि विद्यानगर थांबून आहेत, ‘केळवणम्’सुद्धा थांबलंय. तेव्हा मानपान गेला खड्ड्यात, मी आपल्या तोंडाने मागतोय, आम्हाला जेवायला बोलाव. अलका पर्समध्ये पेन घेऊन येईल, टोचायला मला येतं, आणि युवराजलाही मी तिथेच शिकवेन, संत्री आणून ठेव. दर्शू चुलीपाशी येऊन तुला प्रत्येक पदार्थाचं विचारेल, आत्या, ह्यात काय काय घातलंय? रागावू नकोस, घाबरूही नकोस. ती तुझ्यावर संशय घेत नसेल, तुझ्या डोक्यावरचं ओझं उचलून घेत असेल. तू फक्त एकेक करून सांग, तेलापासून कोथिंबिरीपर्यंत. बेत तुझ्या मनाचा कर, तिची फर्माईश एकच आहे. काकडीची कोशिंबीर. मी दोनदा विचारलं, नक्की का गं? तर म्हणाली, तीच, आत्याच्या हातची, कुटाशिवायची. तेव्हा चांगलं मोठं पातेलंभर कर, तिच्या पानात तूच वाढ, आणि ती पुरे म्हणाली तरी ऐकू नकोस. तुझ्या हातचा आग्रह माझ्या पोरीचा राहिलाय. लग्न होऊन जायच्या आधी तेवढा तिला मिळू दे.

दाजींना नमस्कार. राणीला म्हणावं, शेंगांचं मी लिहिलंय हे खरं, पण हात धुतल्याचंही लिहिलंय.

दिवस कळव. आणि हे वाचून फोन केलास तर नळाचं पाणी विचारू नकोस, आमच्याकडे रोज येतं.

तुझ्या पानावर बसायला टपलेला,
तुझाच,
उदय